तव्यातलं तेल एका कडेला का जातं?

अर्नाळ्याच्या सुरूच्या बनाजवळ गाडी लावून आतल्या शेगडीवर बोंबील तळायला घेतले, की गाडी किती कललीये ते सगळ्यात आधी तवा सांगतो. तेल एका कडेला गोळा होतं, तिथले तुकडे करपतात आणि पलीकडचे कोरडे राहतात. कल अवघ्या २ अंशांचा असला तरी ६ फुटी बिछान्याच्या दोन टोकांत जवळपास साडेसहा सेंटीमीटरचा फरक पडतो. डोकं खालच्या टोकाला आलं, तर सकाळी नाक चोंदलेलं असतं.

महाराष्ट्राने २०२१ साली कारवाँ पर्यटनाचं धोरण आणलं. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीत ओटा, बिछाना आणि पाण्याची टाकी बसवून घ्यायची हौस आता वसई-विरारकरांनाही लागली, तर नवल नाही. अशा हौशी माणसापुढे कधीतरी प्रश्न येतोच: बटण दाबलं की गाडी आपोआप सपाटीत येते, ती यंत्रणा बसवावी का?

या यंत्रणेतला कल ओळखणारा भाग फार हुशार वाटतो, पण खरं तर तोच सर्वांत स्वस्त आहे. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीच्या दोन टोकांची पाणसळ जुळवतो. इथे पाण्याऐवजी सिलिकॉनची चिप असते. तिच्या आत सूक्ष्म दात्यांचा कंगवा नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. गाडी कलली की तो किंचित सरकतो, दात्यांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युत धारकताही. १ अंशाच्या कलाला गुरुत्वाकर्षणाचा साधारण सत्तावन्नावा भाग आडवा खेचतो, आणि एवढंही चिपला कळतं. तुमच्या मोबाइलमध्ये हीच चिप आहे. कानाच्या आतही कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे नेमकं हेच काम करतात, म्हणून तर डोळे मिटूनही आपल्याला बिछान्याचा उतार जाणवतो.

पण सपाटीचा एवढा आग्रह आला कुठून? बराचसा फ्रिजमधून. १९२२मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी पंप नसलेला, केवळ उष्णतेवर चालणारा फ्रिज शोधला. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. तळाशी उष्णता दिली की अमोनियाची वाफ पाण्यातून सुटते, वर जाऊन थंड होऊन द्रव बनते आणि पुढचा प्रवास निव्वळ उतारावरून ओघळत करते. गाडी कलली की हा ओघळ नळीत कुठेतरी साचतो. तापणाऱ्या भागात द्रव पोचत नाही, तो कोरडा तापत राहतो, आणि गंज लागू नये म्हणून घातलेला क्षार तिथे साकळून नळी कायमची बुजवू शकतो. गॅसवर चालणारे असे फ्रिज परदेशी गाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले, आणि सपाटीचं वेडही त्यांच्यासोबत आलं. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रिज थोड्याफार कलाला दाद देत नाही. म्हणून आधी फ्रिज ठरवा. तो कॉम्प्रेसरचा असेल, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. उरतात झोप, मोरीचं पाणी आणि बोंबील.

आता पाय. हायड्रॉलिक यंत्रणेत गाडीखाली चार जॅक असतात. ते जमिनीला टेकले की तेलाचा दाब वाढतो, त्यावरून यंत्राला टेकल्याचं कळतं आणि मग खालची बाजू उचलली जाते. तिपाई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चौरंग मात्र डुगडुगतो. चौथा पाय उगाच जोर लावू लागला, तर गाडीची चौकट पिळली जाते आणि दार लागेनासं होतं. त्यामुळे चांगली यंत्रणा जॅक जोडीजोडीने हलवते. शिवाय हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर असतो. उतारावर तीच चाकं अधांतरी उचलली, तर गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर उभी राहते. पुढच्या चाकांना आधी दगड लावायलाच हवा.

आणि एवढं करूनही जमीन कशी आहे, हे यंत्राला कळत नाही. विरारच्या नव्या इमारतींजवळ काँक्रीट चढवणारा बूम पंप उभा करताना पाहा. पाय पसरण्याआधी प्रत्येकाखाली जाड लाकडं जातात. हिशेब साधा आहे: एका जॅकवर १ टन भार आणि त्याचा तळवा १५ सेंटीमीटर व्यासाचा असेल, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साडेपाच किलोहून जास्त भार येतो. पावसात भिजलेलं भाताचं शेत एवढा भार पेलत नाही. त्याच तळव्याखाली ३० सेंटीमीटरची चौकोनी जाड फळी ठेवली, की भार १.१ किलोवर येतो. तरीही किनाऱ्याच्या वाळूत गाडी उतरवू नयेच. भरतीचं पाणी शिरलं की वाळू पायाखालून सरकते, आणि खाऱ्या हवेत जॅकचा दांडा गंजतो तो वेगळाच.

छोट्या गाडीत वजनाचाही प्रश्न आहे. जॅक, पंप आणि तेल मिळून जितके किलो चढतील, तितके लिटर पिण्याचं पाणी कमी न्यावं लागेल. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांशी बसणारे हवेचे फुगे हलके असतात, पण ते थोडीच उंची देतात आणि कोणी आत फिरलं की गाडी हलायची ती हलतेच. शिवाय असा कुठलाही बदल करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

माझं मत चाकाखाली ठेवायच्या साध्या पाचरींच्या बाजूने आहे. दोन चाकांमधलं अंतर १७० सेंटीमीटर असेल, तर १० सेंटीमीटर उंचीची पाचर जवळपास साडेतीन अंशांचा कल सावरते. तिला ना वायर लागते ना तेल. महागडी यंत्रणा घेण्याआधी एखाद्या रविवारी मोबाइल फरशीवर ठेवून अर्नाळा, राजोडी, तुंगारेश्वरचा पायथा, जिथे जिथे मुक्काम करणार तिथला कल वहीत लिहून काढा. बहुतेक आकडे तीन अंशांच्या आत आले, तर पाचरींची एक जोडी आणि चार फळ्या घेऊन निघा.