'फर्गिव्ह': वहीतले आणि मनातले

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपताच घरोघरी संदेशांची ये-जा सुरू होते. परदेशी वाढलेल्या नातवंडांसाठी त्यांत 'फर्गिव्ह' हे इंग्रजी क्रियापद हमखास येते. दिगंबर घरांत अनंत चतुर्दशीनंतरच्या क्षमावाणीलाही तेच. हे क्रियापद मुळात देण्या-घेण्याच्या मुलखातले आहे, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही.

'गिव्ह' म्हणजे देणे. आधीचा 'फर्' हा उपसर्ग पूर्णत्व दाखवितो. 'पार्डन' या शब्दातही दान देणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि आपला 'दान' शब्द त्याच कुळातला. म्हणूनच 'फर्गिव्ह' माणसाला लागते, अपराधाला लागते, तसे कर्जालाही लागते. १६११ च्या इंग्रजी बायबलात मॅथ्यूच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेत तर अपराधांच्या जागी 'ऋणे' असाच शब्द आहे.

पेढीवरचे 'राइट ऑफ' आणि 'फर्गिव्ह' यांची गल्लत करू नये. राइट ऑफ केलेली रक्कम आपल्या वहीतून उतरते. पण तेवढ्याने ऋणको मोकळा होत नाही, वसुलीची वाट खुली राहते. फर्गिव्ह केले की येणेच संपते. भाऊबंदकीतली कित्येक खाती नुसती राइट ऑफ झालेली असतात. वाटणीची गोष्ट निघाली की जुनी बाकी व्याजासकट वर येते.

'मिच्छामि दुक्कडम्'चा अर्थ मात्र 'फर्गिव्ह'मध्ये पुरता मावत नाही. 'दुक्कड' म्हणजे दुष्कृत, 'मिच्छा' म्हणजे मिथ्या: माझे दुष्कृत निष्फळ होवो. 'फर्गिव्ह मी' म्हणताना क्रिया समोरच्याने करावयाची असते. येथे त्याच्याकडे काहीच मागितलेले नाही. बोलणारा स्वतःच्या कृतीकडे पाहतो. समोरच्याने उत्तर दिले नाही तरी हे वाक्य अपुरे राहत नाही.

इंग्रजी संदेशांत शिरलेला 'इफ' तर अगदीच परका. 'दुखावले असेल तर' असे म्हणताच दुखावल्याचा पुरावा देण्याचे ओझे दुसऱ्यावर पडते. इंग्रजीतूनच लिहावयाचे असेल तर तो 'इफ' गाळावा आणि 'फर्गिव्ह मी फॉर' यापुढे नेमकी गोष्ट लिहावी: धाकट्या भावाला न दाखविलेला हिशेब, दुकानात गिऱ्हाइकांदेखत मुनीमजींना बोललेला शब्द.