आर्केलॉन: ढाल हलकी केलेलं कासव

कासव म्हटलं की आपल्याला आठवतं ते टणक कवच, आणि धोका दिसताच आत ओढून घेतलेले मान-पाय. आज आपण पाहणार आहोत त्या आर्केलॉनला हे जमतच नव्हतं.

१८९५ साली जॉर्ज वीलँड यांना त्याचा सांगाडा अमेरिकेतल्या साउथ डकोटामध्ये सापडला. आता प्रश्न असा, की समुद्रापासून इतक्या दूर समुद्री कासव आलं कुठून? तर सुमारे साडेसात कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध समुद्र होता. त्याच्या तळाचा चिखलच पुढे खडक झाला.

व्हिएन्नाच्या संग्रहालयातला आर्केलॉन सुमारे साडेचार मीटर लांब आहे, म्हणजे जवळजवळ एका मोटारीएवढा! पण एवढ्या देहाच्या पाठीवर हाडांची सलग ढाल नाही. आहे ती बरगड्यांची चौकट, मध्ये मोकळ्या जागा. त्यावर बहुधा चामड्यासारखी कातडी असावी. ओझं कमी झालं, की वल्ह्यांसारख्या पुढच्या पायांनी पोहणं सोपं.

याची किंमत मोजावी लागलीच. वीलँड यांच्या नमुन्याचा मागचा उजवा पाय अर्धवट आहे. जिवंतपणीच कोणीतरी तो तोडला असावा, असं त्यांचं मत होतं. पाय आत घेता येत नाही, तेव्हा तो शिकाऱ्याच्या तोंडी लागतोच.

आपल्या वेळासला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही मान-पाय आत घेता येत नाहीत. समुद्री कासवांची भिस्त लपण्यावर नाही, पोहण्यावर आहे.