लाख किलोमीटरचं इंजिन, वर टर्बो!

1983 साली नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. टर्बो इंजिनावर हा किताब मिळवणारा तो पहिलाच. त्याच्या ब्रॅबहॅममध्ये बीएमडब्ल्यूचं जेमतेम दीड लिटरचं, चार सिलिंडरचं इंजिन होतं आणि त्याचा लोखंडी ब्लॉक कंपनीच्या रस्त्यावर धावणाऱ्या साध्या मोटारींच्याच घराण्यातला. मोटारशौकिनांच्या गप्पांत आजही सांगतात, की पॉल रोशे यांच्या चमूने त्यासाठी लाखभर किलोमीटर धावलेले ब्लॉक मुद्दाम शोधून काढले. ओतीव लोखंड वर्षानुवर्षं तापत-निवत राहिलं, की ओतकामाच्या वेळी आत अडकलेले ताण सुटतात आणि ब्लॉक आकार धरून ठेवतो. 1986 पर्यंत हेच इंजिन पात्रता फेरीत हजार हॉर्सपॉवरच्या पुढे गेलं होतं!

नागपुरात जुनी वॅगन-आर किंवा आय-टेन रोज ऑफिसला नेणाऱ्या आणि मनात टर्बोचं स्वप्न बाळगणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगावीशी वाटते. मात्र ती पूर्ण सांगायला हवी. त्या इंजिनात जुना होता तो फक्त ब्लॉक. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, हेड असं हलणारं-झिजणारं सगळं कोरं होतं. लाख किलोमीटर धावलेल्या आपल्या गाडीत मात्र ब्लॉकही जुना असतो आणि रिंगाही.

धुरातून कमाई

इंधन जाळून मिळालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून बाहेर जातो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलं ते याच वाया जाणाऱ्या ऊर्जेवर. बाहेर पडणारा वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त, म्हणून ताकदही जास्त. छोट्या मोटारीच्या टर्बोचा हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. त्याला आधार असतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतक्या फटीत भरलेल्या ऑइलचा.

1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर नेलं. खाली 350 हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन विरळ हवेत 230 वर घसरलं. टर्बो जोडला आणि आकडा 356 झाला.

नागपुरातली विरळ हवा

डोंगर न चढताही हवा विरळ होते, आणि ते नागपूरकरांना कुणी शिकवायला नको. 23 मे 2013 रोजी शहराचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. गणित करून पाहा: डिसेंबरातल्या 10 अंशांच्या पहाटेपेक्षा नवतपातल्या 47 अंशांच्या दुपारी त्याच लिटरभर हवेत सुमारे 11 ते 12 टक्के प्राणवायू कमी असतो. समुद्रकिनाऱ्यावरून चिखलदऱ्याएवढं चढल्यावर हवा जेवढी विरळ होते, जवळजवळ तेवढाच हा फरक. उन्हाळ्यात गाडीचं पिकअप मेल्यासारखं वाटतं, त्यात एसीच्या ओझ्याइतकाच याही गणिताचा वाटा असतो.

मग टर्बो म्हणजे नागपूरसाठीच बनलेलं औषध की! अर्धं खरं आहे. हवा दाबली की तापते. बाहेरची 45 अंशांची हवा टर्बोने फक्त अर्धा बार जास्त दाबली, तरी चांगल्या प्रतीच्या कॉम्प्रेसरमधूनही ती शंभर अंशांच्या आसपास बाहेर पडते. इतकी गरम हवा पेट्रोल इंजिनात गेली, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःच भडकण्याचा धोका असतो. हेच ते नॉकिंग. आतून खड्यांसारखा खडखडाट येतो आणि तसंच चालवत राहिलं, तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. म्हणून टर्बोसोबत इंटरकूलर हवाच, आणि नागपुरात तो पुण्यातल्या गाडीपेक्षा मोठा हवा. तो रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. दहा वर्षं विहिरीचं जड पाणी पिऊन आतून क्षार धरलेला रेडिएटर असेल, तर या खेळात पहिला तोच हरतो.

पाण्याची टाकी असलेली मोटार

नॉकिंगवर 1962 साली ओल्ड्समोबिलने काढलेला तोडगा मला फार आवडतो. जेटफायर ही जगातल्या पहिल्या दोन टर्बो उत्पादन-मोटारींपैकी एक. तिच्यात पेट्रोलच्या टाकीशिवाय एक वेगळी बाटली होती: शुद्ध पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण. टर्बो दाब देऊ लागला, की हे मिश्रण फवारलं जाई आणि हवा थंड होई. मालक मात्र बाटली भरायला विसरत. शेवटी कंपनीनेच गाड्या बोलावून टर्बो काढून देण्याची सोय केली.

नागपूरने त्याहून भारी गोष्ट पाहिली आहे. ऑगस्ट 2014 मध्ये शहरात स्कॅनियाची इथेनॉलवर धावणारी हिरवी बस उतरली. तिचं टर्बो इंजिन डिझेलच्या तत्त्वावर, म्हणजे नुसत्या दाबाच्या उष्णतेने पेट घेणारं. पण इथेनॉल सहजी पेटत नाही, म्हणून हवा 28 पट दाबावी लागते. नेहमीच्या डिझेल इंजिनात हा आकडा अठराच्या आसपास असतो. पेट्रोलच्या टर्बो गाडीला इथेनॉलचा हाच हट्टीपणा उपकारक ठरतो. त्याचा ऑक्टेन शंभराच्या पुढचा आणि वाफ होताना ते हवा थंडही करतं. पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे नॉकिंगला थोडा आळा बसतो, हे खरं. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सीलं त्यासाठी बनलेली नव्हती. टर्बोचा विचार करण्याआधी त्या बदलाव्यात.

आठशेची जपानी बहीण

1986 ची मारुती 800 आपल्या कितीतरी घरांतली पहिली गाडी. 796 सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत. त्याच पिढीच्या जपानी अल्टोची ‘वर्क्स’ आवृत्ती फेब्रुवारी 1987 मध्ये आली: इंजिन फक्त 543 सीसी, पण टर्बोसह 64 हॉर्सपॉवर! लहान इंजिन आणि दीडपटीहून जास्त ताकद. मात्र सुझुकीने आपल्या 800 वर टर्बो ठेवून ती बनवली नव्हती. तिचं हेडसुद्धा वेगळं, दोन कॅमशाफ्टचं होतं.

टाटांनी तेच डिझेलवर केलं. इंडिकाचं 1405 सीसी डिझेल इंजिन साधारण 53 हॉर्सपॉवरचं. 2002 मध्ये आलेल्या इंडिगोत तेवढ्याच सीसीचं टर्बो डिझेल साठीच्या वर गेलं. डिझेलमध्ये नुसती हवाच दाबली जाते, त्यामुळे नॉकिंगचा प्रश्न उरत नाही आणि टर्बो तिथे सुखाने नांदतो. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेलं 1.3 लिटरचं मल्टिजेट तर मुळातच टर्बोसह जन्मलं. तेच इंजिन फियाट पुंटोत, टाटा व्हिस्टात आणि मानेसरहून येणाऱ्या स्विफ्ट-डिझायरमध्ये होतं. 2020 च्या बीएस-6 नियमांनी त्याचा प्रवास थांबवला, तरी दोन-तीन लाख किलोमीटर झालेल्या टॅक्सी अजून त्याच मूळ इंजिनावर धावताना दिसतात. रोजच्या वापरात टर्बोच हवा असेल, तर असली कंपनीची टर्बो गाडी जुनी विकत घेणं हाच माझ्या मते शहाणपणाचा रस्ता.

आरटीओचा दरवाजा

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182 ए खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एमएच-31 असो वा एमएच-49, नियम एकच. विमा कंपनीला न कळवलेला टर्बो अपघातानंतरच्या दाव्यात नेमका उघडा पडतो. त्यामुळे परवानगीचं आधी बघायचं, पाना नंतर उचलायचा.

समृद्धीवर काय होतं

शहरात सिग्नल ते सिग्नल चालताना टर्बो फारसा दाब देतच नाही. खरी परीक्षा शिवमडक्याहून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर. 701 किलोमीटरचा रस्ता, मोटारींना 120 ची मर्यादा, वर मे महिन्याचं ऊन. छोट्या इंजिनाला तासन् तास दाबाखाली राहावं लागतं आणि पेट्रोल गाडीत टर्बोत शिरणारा वायू 900 अंशांच्या घरात जातो. अशा वेळी टोलनाक्यापुढच्या थांब्यावर आल्या आल्या चावी फिरवली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल जळून कोळसा धरतं. एक-दोन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवणं, हा टर्बोच्या आयुष्याचा सर्वांत स्वस्त विमा. ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनात तर डिपस्टिक दर आठवड्याला बघावी, कारण पातळी घटल्याचा फटका टर्बोला सगळ्यांत आधी बसतो.

टर्बोआधीची चाचणी

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील, तर मिस्त्रीला आधी कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. पेट्रोल इंजिनाचे सगळे स्पार्क प्लग काढायचे, इंधन आणि इग्निशन बंद करायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यायचा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त मागे असेल, तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा उसळला, तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. इंजिन बांधल्याशिवाय टर्बोचं नाव काढू नये. आकडा तसाच राहिला, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅसकेटमध्ये आहे, आणि हेड उतरवून ते काम आधी उरकायचं. सगळे सिलिंडर सारखे आणि कंपनीच्या आकड्याजवळ आले, तर इंटरकूलर आणि 0.3 ते 0.4 बारइतक्या माफक दाबाचा हिशेब मांडायला हरकत नाही.