शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे

सर्व्हर पाच-पन्नास झाले की एन्जिनएक्स किंवा एसएसएचच्या कॉन्फिग फाइली हाताने लिहिणं परवडत नाही. मग अॅन्सिबल, पपेट किंवा हेल्मला टेम्प्लेट द्यायचं, त्यात मोकळ्या जागा सोडायच्या आणि त्या सर्व्हरगणिक बाहेरून भरायच्या. या जागा, म्हणजे पॅरामीटर, ठरवताना काही समजुती हटकून आडव्या येतात.

‘पॅरामीटर जितके जास्त, तितकं टेम्प्लेट लवचीक’ ही त्यातली सर्वांत लाडकी. पपेटच्या अपाचे मॉड्यूलमध्ये एका व्हर्च्युअल होस्टसाठी शंभरावर पॅरामीटर आहेत. तरीही हवा तो मजकूर जसाच्या तसा घालण्यासाठी ‘कस्टम फ्रॅगमेंट’ ठेवावंच लागलं, कारण अपाचेची नवी आवृत्ती मॉड्यूल लिहिणाऱ्याची वाट बघत थांबत नाही. मायएसक्यूएलच्या मॉड्यूलने दुसरी वाट धरली: ‘ओव्हरराइड ऑप्शन्स’ या एकाच पॅरामीटरमध्ये विभागवार नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या द्यायच्या. त्या फाइलीची रचना सपाट असल्याने हे जमतं. एन्जिनएक्सच्या कंसात कंस असलेल्या रचनेत ही युक्ती लवकर दमते. माझ्या मते, जे सर्व्हरगणिक खरोखर बदलतं त्यालाच नाव द्यावं आणि बाकीच्यासाठी एक दार उघडं ठेवावं.

‘व्हॅल्यू नसेल तर डीफॉल्ट लागेल, त्यात काय ठरवायचं?’ खरी गोम इथेच आहे. विनंतीसोबत येणारा मजकूर किती मोठा चालेल हे सांगितलं नाही, तर एन्जिनएक्स १ मेगाबाइट धरतं. तिथे ० लिहिलं तर मर्यादा तपासतच नाही. आता मोठ्या फाइली घेणाऱ्या सर्व्हरसाठी कोणी मुद्दाम ० दिलं, आणि टेम्प्लेटमध्ये ‘व्हॅल्यू असेल तरच ही ओळ लिही’ अशी साधी अट आहे. अॅन्सिबलच्या जिंजा टेम्प्लेटच्या लेखी ० म्हणजे ‘नाही’. ओळ गळते, १ मेगाबाइटची मर्यादा लागू होते आणि अपलोड करणाऱ्याला ४१३ एरर दिसतो. हेल्मचं ‘डीफॉल्ट’ फंक्शनही ० ला रिकामंच समजतं. पपेटच्या ईआरबी टेम्प्लेटमध्ये मात्र हीच अट बिनबोभाट चालते, कारण रूबी ० ला खरं मानते. ‘दिलंच नाही’, ‘रिकामं दिलं’ आणि ‘बंद कर असं सांगितलं’ या तीन अवस्था टेम्प्लेटला वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. म्हणून अट ‘व्हॅल्यू आहे का’ अशी नको, ‘व्हेरिएबल डिफाइन झालंय का’ अशी हवी.

‘यॅमलमध्ये लिहू तेच फाइलीत उतरेल’ हाही भ्रमच. रूट लॉगिन बंद करायला अवतरणचिन्हांशिवाय ‘नो’ लिहिलं, तर यॅमल १.१ च्या नियमाने ते बूलियन होतं आणि फाइलीत ‘फॉल्स’ छापलं जातं. एसएसएच सर्व्हरला हा शब्द कळत नाही. रीस्टार्ट केला की तो उठतच नाही. उघडं असलेलं सेशन तेवढं टिकतं, नवं लॉगिन बंद. २००९ च्या यॅमल १.२ ने हा नियम काढला, पण अॅन्सिबल ज्या पायथॉन लायब्ररीवर चालतं ती १.१ चेच नियम पाळते. पपेटमध्ये पॅरामीटरला ‘इनम’ प्रकार देऊन चालणारे शब्द आधीच बांधून घेता येतात.

राहिली ‘सिंटॅक्स तपासला की झालं’ ही समजूत. वरची एसएसएचची चूक अॅन्सिबलच्या ‘व्हॅलिडेट’ने पकडली जाते. एन्जिनएक्सच्या साइटची फाइल मात्र मुख्य फाइलीचा तुकडा असते, त्यामुळे ती एकटी तपासताच येत नाही. शिवाय ‘अॅड हेडर’चा मूळ नियम असा: आतल्या ब्लॉकमध्ये असा एक जरी हेडर आला, तरी बाहेरच्या ब्लॉकमधले सगळे गळतात. म्हणजे कोणी तुमच्या लवचीक पॅरामीटरमधून एका लोकेशनला कॅशचा हेडर दिला, की सर्व्हर ब्लॉकमधला एचएसटीएस तिथे नाहीसा होतो. एन्जिनएक्सची तपासणी तरीही ‘ओके’ सांगते. उपाय कंटाळवाणा आहे: लोकेशनला स्वतःचे हेडर असतील तेव्हा टेम्प्लेटने सामाईक हेडरही तिथे पुन्हा लिहायचे, आणि बदल चढवल्यावर त्या पत्त्यावर कर्लने विनंती पाठवून एचएसटीएस येतोय का ते बघायचं.