तळहातातली गाठ आणि किरणांचा निर्णय

अनामिकेच्या खाली, तळहातावर एक टणक गाठ हाताला लागते. बहुधा दुखत नाही, बोटही सरळ होतं. फ्रेंच शल्यविशारद गियोम ड्युपुट्रेन यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार असाच सुरू होतो. त्वचेखालचा तंतुमय पडदा जाड होतो, पुढे त्याच्या दोऱ्या बनतात आणि बोट तळव्याकडे ओढलं जातं. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो. जर्मनीत त्यावरचे किरणोपचार चांगलेच रुळलेले आहेत.

नेहमीची पद्धत अशी: पाच दिवस रोज ३ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), मग सहा ते बारा आठवड्यांची विश्रांती, पुन्हा पाच दिवस; एकूण ३० ग्रे. तंतू तयार करणाऱ्या पेशींची वाढ रोखणं हा हेतू. म्हणून उपयोग झालाच तर सुरुवातीला. आखडलेलं बोट किरणांनी सरळ होत नाही.

खरी अडचण या सुरुवातीच्या टप्प्यातच आहे. अनेकांची गाठ उपचाराविनाही वर्षानुवर्षं आहे तशीच राहते. त्यांनी किरण घेतले, तर श्रेय किरणांना जातं! उपचार न घेतलेल्यांशी तुलना केल्याशिवाय फरक कळणार कसा? शिवाय किरणांमुळे कातडी कोरडी पडणं हा नेहमीचा त्रास. कर्करोगाचा धोका फार थोडा, पण तरुणांनी तो जास्त मनावर घ्यावा.

माझं मत स्पष्ट आहे. गाठ स्थिर असेल तर थांबा. तळहात टेबलावर सपाट टेकतो का ते अधूनमधून पाहा, फोटो काढून ठेवा. गाठ वाढू लागली, तर हाताचे शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ दोघांनाही भेटा, मगच ठरवा.