जीव वाचल्यानंतर : मेंदूच्या दुखापतीनंतरचे पुनर्वसन

अहवालवर्षात किती रुग्ण दाखल झाले, किती शस्त्रक्रिया झाल्या आणि किती रुग्णांना घरी सोडण्यात आले, याचे तक्ते या अहवालात अन्यत्र दिलेले आहेत. त्यांपैकी ‘घरी सोडलेले रुग्ण’ या रकान्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते. हिशेबाच्या दृष्टीने तेथे रुग्णाचे खाते बंद होते. परंतु डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने दीर्घ वाटचालीचा आरंभ तेथूनच होतो. ही वाटचाल काय असते, हे देणगीदारांना व नातेवाइकांना समजावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षी देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि ४,४३,३६६ जखमी झाल्या. मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरून जाणारे होते. मृतांची नोंद त्या वर्षीच पूर्ण होते. जखमींची कहाणी मात्र पुढे चालू राहते. याखेरीज बांधकामाच्या परातीवरून पडलेला मजूर, झाडावरून पडलेला शेतकरी, न्हाणीघरात पाय घसरलेल्या आजी, यांच्याही मेंदूला इजा होऊ शकते.

पहिला आकडा

अशा रुग्णाच्या केसपेपरवर ३ ते १५ यांमधील एक आकडा लिहिलेला असतो. नातेवाईक त्याविषयी वारंवार विचारणा करतात. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली ही मोजणी मांडली. डोळे उघडण्यास ४ पर्यंत, बोलण्यास ५ पर्यंत व हालचालीस ६ पर्यंत गुण मिळतात. ८ किंवा त्याहून कमी गुण गंभीर दुखापत दर्शवितात. शुद्ध किती हरपली आहे, हे या आकड्यावरून कळते. हा माणूस पुढे आपल्या हाताने जेवेल काय, कामावर जाईल काय, याचे उत्तर त्या एका आकड्यात नसते.

मेंदूच्या नष्ट झालेल्या पेशी सहसा पुन्हा निर्माण होत नाहीत. परंतु उरलेल्या पेशी परस्परांशी नवे जोड निर्माण करू शकतात व गमावलेले काम काही अंशी स्वतःकडे घेऊ शकतात. त्यासाठी तीच कृती पुनःपुन्हा, योग्य रीतीने व अर्थ समजून करावी लागते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. पुढे तो मंदावतो, तरी वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रगती होत राहू शकते. म्हणूनच हे पहिले महिने वाया जाणे ही मोठी हानी होय.

स्वावलंबन मोजावे कसे?

१९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक यासाठी जगभर वापरला जातो. जेवणे, अंघोळ, केस विंचरणे व दात घासणे, कपडे घालणे, शौचाचे व लघवीचे नियंत्रण, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीत बसणे, चालणे आणि जिना चढणे, अशा दहा गोष्टींना मिळून १०० गुण आहेत. निरोगी माणूस ही कामे सकाळच्या पहिल्या तासाभरात, विचारही न करता उरकतो. रुग्णाला त्यांतील एकेक गुण कमावण्यास कित्येक आठवडे लागू शकतात.

पाय चालते करणे हे फिजिओथेरपीचे काम, हे सर्वांस ठाऊक असते. व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, तितकी परिचित नाही. वास्तविक आपल्या देशातील या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. या उपचारात रुग्णाला साधा चहा करण्यास सांगितले जाते, तेव्हा पाहणाऱ्यास तो पोरखेळ वाटतो. पण आधी आधण ठेवायचे, मग साखर व चहापूड घालायची, दूध ओतायचे, गॅस बंद करण्याचे विसरायचे नाही, या क्रमात स्मरण, नियोजन, एकाग्रता आणि हातांचा मेळ यांची एकत्र परीक्षा होते. रुग्ण कोणत्या पायरीवर अडखळतो, यावरून पुढील उपचाराची दिशा ठरते.

वाणीचेही तसेच आहे. ज्याला समोरच्या पेल्याचे नाव सांगता येत नाही, त्याला कधीकधी एक ते दहा अंक सलग म्हणता येतात किंवा पाठ असलेली आरती इतरांबरोबर गाता येते. असा रुग्ण ढोंग करीत नसतो. सवयीचे बोलणे व शब्द शोधून बोलणे या मेंदूच्या वेगवेगळ्या क्रिया आहेत. वाचोपचारतज्ज्ञ या शिल्लक भांडवलावरच पुढील व्यवहार उभारतात.

न दिसणारी दुखापत

शंभरपैकी शंभर गुण मिळूनही माणूस पूर्ववत झाला, असे म्हणता येत नाही. स्वयंपाक, पैशाचा व्यवहार, एकट्याने बसप्रवास यांचा त्या दहा गोष्टींत समावेश नाही. जखम भरलेली असते, चालणे सुधारलेले असते. तरी सकाळचे दुपारी आठवत नाही, क्षुल्लक कारणावरून संताप येतो, थोड्याशा कामाने थकवा येतो. घरची माणसे म्हणतात, ‘हा हट्टी झाला, आळशी झाला.’ अमेरिकेत १८४८ साली फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो बचावला, हिंडूफिरू लागला. परंतु त्याचा स्वभाव पालटल्याचे त्याच्या डॉक्टरांनी नोंदविले. पुढे त्याने चिली देशात कित्येक वर्षे घोडागाडी हाकली. स्वभावातील बदल हाही दुखापतीचाच भाग असतो आणि ठरावीक दिनक्रमाच्या आधाराने माणूस पुन्हा उभा राहू शकतो, असे दोन्ही बोध त्यातून घेता येतात.

कुटुंबीयांस विनंती

मायेपोटी आई घास भरविते, पत्नी सदऱ्याची बटणे लावते. रुग्णास जे जमू शकते, ते त्यास करू द्यावे. दहा मिनिटे लागली तरी थांबावे. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने पाणीही देऊ नये आणि आडवे झोपवून भरवू नये. दिनक्रम ठरलेला असावा. दिवसाची कामे वहीत किंवा पाटीवर लिहून समोर ठेवावीत. एका वेळी एकानेच व एकच गोष्ट सांगावी. फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधे मनाने बंद करू नयेत. वाहन चालविणे डॉक्टरांच्या अनुमतीशिवाय सुरू करू नये. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीसही विश्रांती मिळेल, अशी घरात पाळी लावावी. कारण तीच खचली तर उपचार थांबतात.

खर्चाची बाजू

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या तरतुदीमुळे अनेकांचे खाटेवरील उपचार पार पडतात. परंतु घरी गेलेल्या रुग्णास आठवड्यातून तीनदा उपचारासाठी आणायचे, तर एस. टी.चे भाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज कोणी भरावा? हातावर पोट असलेली कुटुंबे दोन-चार फेऱ्यांनंतर येईनाशी होतात. शस्त्रक्रियेवर झालेला खर्च अशा वेळी अर्ध्या वाटेवर अडकून पडतो.

देणगीतून घेतलेल्या यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते. उपचारतज्ज्ञाने रुग्णाचा हात धरून घालविलेल्या तासावर ती लावता येत नाही. त्यामुळे यंत्रांसाठी दाते मिळतात आणि या तासांसाठी ते क्वचित पुढे येतात. पुनर्वसनात मात्र मुख्य भांडवल हे मनुष्यबळ व काळ हेच आहे. हातास बांधावयाचा चमचा, न्हाणीघरातील आधाराची दांडी, चालण्याची चौकट, ही साधने त्या मानाने अल्प खर्चाची असतात.

आमच्या दात्यांनी आजवर अनेकांचे प्राण वाचविण्यास हातभार लावला, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. यापुढे देणगीचा संकल्प करताना आपल्या देणगीचा काही भाग घरी गेलेल्या रुग्णांच्या उपचारफेऱ्यांसाठी राखून ठेवावा, ही नम्र विनंती. आणि विश्वस्त मंडळासही आमची सूचना आहे की, अहवालाच्या तक्त्यात आणखी एका रकान्याची भर घालावी : घरी सोडल्यानंतर सहा महिन्यांनी आपल्या हाताने जेवणारे रुग्ण किती. तो आकडा लहान असला तरी आम्ही तो दरवर्षी आपणांसमोर ठेवू इच्छितो.