तुमचा इंटरनेट कॉल कंपनी अडवू शकते का?

आजचा प्रश्न सरळ आहे. जी कंपनी इंटरनेट देते तीच फोन कॉलही विकत असेल, तर नेटवरून होणारे स्वस्त कॉल तिला परवडतील का?

अमेरिकेतलं एक प्रकरण बघूया. मॅडिसन रिव्हर ही नॉर्थ कॅरोलिनातली टेलिफोन कंपनी ब्रॉडबँडही द्यायची. त्याच ब्रॉडबँडवरून व्होनेजचे ग्राहक स्वस्तात कॉल करायचे. मग मॅडिसन रिव्हरने इंटरनेट कॉलचे पोर्टच बंद केले. पोर्ट म्हणजे डेटा ये-जा करायचा दरवाजा समजा. तक्रार एफसीसी या तिथल्या नियामकाकडे गेली. मार्च २००५ मध्ये कंपनीने १५,००० डॉलर भरले आणि कॉल अडवणार नाही, असं लिहून दिलं.

तुम्ही म्हणाल, कंपनी बदलायची ना! पण गावात वायर एकच असेल तर जाणार कुठे?

बरं, भारतात कंपन्या बऱ्याच होत्या. तरीही डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलच्या डेटासाठी वेगळे दर जाहीर केले. गदारोळ झाला आणि काही दिवसांत ते मागे घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने नियमच केला: डेटा कशासाठी वापरता, यावरून दर बदलता येणार नाही. २०१८ मध्ये अडवणं आणि मुद्दाम स्लो करणं यालाही परवान्यातच बंदी आली.

थोडक्यात काय, स्पर्धा हवीच, पण नुसत्या स्पर्धेवर भागत नाही. दरवाजा ज्याच्या हातात, त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी लागतं. भेटू पुढच्या भागात!